अकराशे सत्तेचाळीस

अकराशे सत्तेचाळीस,
तुझं नाव एवढंच, पत्र्यावर पांढऱ्या रंगात,
त्यातला चार वाऱ्यानं कधीच खरवडून नेला.
तरी मी तुला आकड्यानं हाक मारत नाही.
एकोणतीस वर्षांच्या शेजाऱ्याला कोण मारतं?

बालाखानीत तुम्ही घरांच्या अधेमधे उभे,
कुणाच्या अंगणात, कुणाच्या संडासामागे,
एक तर शाळेच्या भिंतीला टेकून.
दिवसरात्र मान खाली, मान वर,
बहिऱ्या म्हाताऱ्यासारखे
काही न ऐकता सगळ्याला हो.

नवऱ्याचा खापरपणजोबा दोरानं विहिरीत उतरायचा.
हातानं खणलेली विहीर, एक माणूस मावेल इतकी.
खाली बकऱ्याच्या कातड्याची पिशवी भरायची,
दोर हलवायचा, की वर घोडा चालू लागे.
एकदा दोर हलला नाही.
पिशवी अजून आहे आमच्याकडे, खिळ्याला,
वाळून कानासारखी झालेली.
नाकाशी धरली तर वास येतो.

आगारहीम तुझ्या पट्ट्याला वंगण घालायचा.
त्यानं तोडलेली रोटी मुलं खात नसत.
मी खायची.
तो गेल्यावर नोंदवही माझ्याकडे आली.
पूर्वी दिवसाला पिंपामागून पिंप,
आता दीड, त्यातही निम्मं पाणी.
सोमवारी साहेब येतात, आकडा बघतात,
अंजिराच्या झाडाखाली चहा घेतात.
अंजीर घेत नाहीत. त्यांना माहीत आहे चव.

थोरला वुगार सुमगाइतच्या कारखान्यात.
म्हणतो, आई, तुझ्याच तेलाचे दाणे करतो आम्ही.
एकदा मूठभर घेऊन आला,
पांढरेशुभ्र, निवडून ठेवलेल्या तांदळासारखे.
नातीनं चार तोंडात टाकले.
तिच्या गालात बोट घालून काढले मी.
तीन सापडले.

तीच विचारते, बाकीचं तेल कुठं जातं?
नळीतून, मग जहाजातून, मग कुणाच्या तरी गाडीत.
मग?
मग धूर.
आणि धूर?
मी म्हटलं, बूट घाल, उशीर होतोय.

काल रात्री खज़री सुटला.
उत्तरेचा वारा, दारं आपटणारा, दातांत वाळू आणणारा.
पहाटे पाहिलं तर तुझ्या डोक्यावर पिशवी,
बाजारातली, पातळ, तिच्यावर छापलेलं डाळिंब.
पट्ट्यात एक टोक अडकलेलं,
आणि तू डोकं झाकून होकार देतोयस,
मयताला आलेल्या बाईसारखा.

लाल बटण दाबलं.

कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ऐकलं
शेजारच्या सुरैयाचा चमचा कपात फिरताना.
तुझ्या मोटरच्या उबेला झोपणारा कुत्रा उठला
आणि मीच काहीतरी चोरलंय असं बघत राहिला.
मागच्या काळ्या तळ्यात एकही बेडूक नाही,
तेही ऐकू आलं.

शिडी लावून पिशवी सोडवली.
धुतली. हातांना ओळखीचं काही लागलं, म्हटलं वंगण असेल.
नातीच्या मोज्यांशेजारी वाळत घातली.
फाटलेली नव्हती, कशाला टाकायची?
घडी घालून पिशव्यांच्या पिशवीत कोंबली,
तीही त्याच खिळ्याला, कातड्याच्या शेजारी.

तेव्हा पिशवीतून तेल वर यायचं.
आता तेल पिशवी होऊन घरी येतं.

कातड्याला कसर लागलीय,
काठ पिठासारखा गळतो, दर शुक्रवारी झाडते.
दुसरीकडे कसर फिरकतही नाही.

साहेबांचा फोन आला, पंप का बंद?
सांगितलं, पिशवी अडकली होती.
म्हणाले, कसली पिशवी?
मला सांगता येईना.

हिरवं बटण दाबलं.
तू मान हलवलीस.
मी काहीच विचारलं नव्हतं.